घरांतील शून्यागार

छत्रपति संभाजीनगरच्या उत्तरेस, बीबीच्या मकबऱ्याच्या पाठीमागें जो डोंगर आहे, त्यांत बारा लेणीं कोरलेलीं आहेत. वेरूळ व अजिंठा पाहण्यास निघालेला प्रवासी त्यांच्याकडे सहसा वळत नाहीं. ही त्याची हानि खरी. परंतु लेण्यांतील शांततेस ती उपकारकच ठरली आहे. चवथें लेणें चैत्य असून तेंच सर्वांत जुनें. बाकीचीं बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांतलीं. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यांत बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले स्त्रीपुरुष उपासक दगडांत कोरलेले आहेत. त्यांच्या केशरचना, त्यांचे दागिने, त्यांची समोर खिळलेली दृष्टि पाहतांच हे कोणी भिक्षु नव्हेत, संसारी लोक आहेत, हें कोणालाहि कळतें. त्याच लेण्याच्या मंडपाच्या बाजूंस भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत. गृहस्थ आणि एकांतवासी हे दोघेहि येथें एकाच छपराखालीं आहेत. पण खोली भिक्षूची आणि गुडघे टेकण्याची जागा गृहस्थाची, अशी वांटणी त्या काळीं ठरलेली होती.

आज ही वांटणी राहिलेली नाहीं. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशांत सयाजी ऊ बा खिन यांच्यापाशीं विपश्यना शिकून १९६९ सालीं भारतांत आले व त्याच वर्षीं मुंबईस त्यांनीं पहिलें शिबिर घेतलें. पुढें इगतपुरीस धम्मगिरि उभी राहिली. तेव्हांपासून कारकून, शिक्षक, शेतकरी, गृहिणी अशा हजारों माणसांनीं दहा दहा दिवस मौन पाळून भिक्षूची ती खोली अनुभवली आहे. संभाजीनगरजवळहि धम्म अजंठा नांवाचें केंद्र आहे. परंतु शिबिर एकदां झालें म्हणजे प्रत्येक वर्षीं दहा दिवसांची रजा मिळतेच असें नाहीं. घरीं अंथरुणाला खिळलेली आई असते, मुलाची परीक्षा असते, दुकान असतें. मग त्या माणसाच्या मनांत असा विचार येतो कीं, आपल्याच घरांतील एक खोली बंद करून चार-सहा दिवस एकट्यानें बसलें तर? हा विचार वाटतो तितका सोपा नाहीं, आणि वाटतो तितका अवघडहि नाहीं. त्याची पूर्वतयारी कशी करावी, येवढ्यापुरताच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, घरांत बसून ध्यान करणें ही कांहीं आजची सवलत नव्हे. सतिपट्ठान सुत्तांत ध्यानाच्या जागा सांगतांना अरण्य आणि झाडाचें मूळ यांच्या जोडीला शून्यागार, म्हणजे रिकामें घर, हेंहि सांगितलेलें आहे. घर रिकामें असावें येवढीच अट. आणि खरी अडचण नेमकी तेथेंच आहे. कारण आजच्या घरांतून माणसें एक वेळ बाहेर पाठवितां येतील, पण खिशांतल्या दूरध्वनियंत्रांतून सारा गांव आंत येतो, त्याचें काय करावयाचें?

पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत अनुराधपुरास राहून बुद्धघोषाचार्यांनीं विसुद्धिमग्ग नांवाचा ग्रंथ रचला. ध्यानास बसूं इच्छिणाऱ्यानें आधीं काय काय आवरावें याचा इतका बारकाईचा विचार दुसरीकडे क्वचितच सांपडेल. मराठी वाचकांना या ग्रंथाची ओळख करून देण्याचें मोठें श्रेय धर्मानंद कोसंबी यांचें. १८७६ सालीं गोव्यांत सांखवाळ येथें जन्मलेल्या या पुरुषानें धर्माच्या शोधासाठीं पत्नी व तान्ही मुलगी मागें ठेवून घर सोडलें, सिंहलद्वीपांत पालीचें अध्ययन केलें, आणि १९२५ सालीं ‘समाधिमार्ग’ हें पुस्तक लिहून ध्यानाच्या प्राचीन पद्धति मराठींत आणल्या. कोसंबींना घर सोडावें लागलें. घरांत राहूनच ज्याला हें साधावयाचें आहे त्याच्यापुढचा प्रश्न अगदीं निराळा आहे. तरी त्यालाहि बुद्धघोषाचार्यांची यादी उपयोगी पडते.

ही यादी दहा पलिबोधांची, म्हणजे मनाला अडकवून ठेवणाऱ्या गोष्टींची आहे. आवास, कुल, लाभ, गण, कर्म, प्रवास, आप्त, आजार, ग्रंथ आणि ऋद्धि. नांवें भिक्षूंच्या आयुष्यांतलीं असलीं तरी सिडकोंतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ती जशींच्या तशीं भेटतात. आवास म्हणजे गच्चीवरची गळती. ती दुरुस्त केल्यावांचून जो पावसाळ्यांत ध्यानाला बसेल त्याचें चित्त श्वासावर न राहतां छताच्या ओलीवर राहील. कर्म म्हणजे गवंडी व सुतार. काम अर्धवट असेल तर तें पुरें करावें, नाहींतर तें निस्तरेपर्यंत बसण्याचा बेत पुढें ढकलावा. गण म्हणजे शिकवणीचीं मुलें. ग्रंथ हा पलिबोध सुशिक्षितांना फार लागतो: एकांताचे चार दिवस मिळाले म्हणजे कित्येक दिवस राहून गेलेलें धर्मविषयक वाचन उरकून घ्यावें असा मोह होतो, आणि मग ध्यानाच्या नांवाखालीं वाचनालय चालतें. खोलींत पुस्तक नसावें हें उत्तम. फारच झालें तर एक, आणि तेंहि पूर्वीं वाचलेलें.

आप्तांच्या बाबतींत ग्रंथकाराची दृष्टि मोठी सरळ आहे. गुरु किंवा आईबाप आजारी असले तर तो पलिबोध दूर करण्याचा मार्ग त्यांच्यापासून पळून जाणें हा नसून, शुश्रूषा करून त्यांना बरें करणें हा आहे. ज्याच्या घरीं वृद्ध माता आजारी आहे त्यानें दार लावून घेऊन मैत्रीभावना करीत बसावें, असें बुद्धघोषाचार्यांनीं कोठेंहि सुचविलेलें नाहीं. दहावा पलिबोध जो ऋद्धि, तो मात्र केवळ विपश्यना करणाऱ्यालाच नडतो. समाधि हवी असणाऱ्याला तो नडत नाहीं. यांत दोन मार्गांतील भेद सहज उघड होतो. समाधींत चित्त एका जागीं स्थिर करावयाचें असतें. विपश्यनेंत त्या स्थिर चित्तानें शरीर, वेदना व विचार यांकडे पाहून तीं क्षणोक्षणीं बदलतात, त्यांत समाधान टिकत नाहीं, व त्यांत ‘मी’ म्हणावें असें कांहीं सांपडत नाहीं, हें प्रत्यक्ष जाणावयाचें असतें. रथाचीं चाकें, कणा, जूं हीं एकेक बाजूला काढलीं तर रथ म्हणून काय उरतें, असें नागसेनानें मिलिंद राजाला विचारलें होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं या शहरांत महाविद्यालय काढलें. त्याला मिलिंदाचें व त्याच्या परिसराला नागसेनाचें नांव आहे. तेथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो प्रश्न नांवापुरता तरी परिचित आहे. घरांतल्या खोलींत बसून तोच प्रश्न स्वतःच्या दुखणाऱ्या गुडघ्याला विचारावयाचा असतो.

विसुद्धिमग्गांत वर्ज्य विहारांचे अठरा दोषहि मोजले आहेत. विहार रस्त्याच्या कडेला असला तर येणारेजाणारे त्रास देतात. फुलझाडें असलीं तर फुलें तोडावयास लोक येतात. भांडखोर माणसें शेजारीं असलीं तर बसणें अशक्य होतें. तळ्याजवळचा विहारहि नको, कारण पाणी नेण्यास सगळे तेथेंच लोटतात. हें वाचून संभाजीनगरच्या रहिवाशाला हंसूं येईल. या शहरांतील कित्येक वस्त्यांत वर्षानुवर्षें नळाचें पाणी रोज न येतां कांहीं दिवसांच्या अंतरानें येत आलेलें आहे. ज्या दिवशीं पाणी येतें त्या दिवशीं घरांतील प्रत्येक हात पिंपें, बादल्या, टांक्या भरण्याकडे लागतो. ध्यानाचे दिवस निश्चित करतांना पंचांगाच्या आधीं पाण्याचा वार पाहावा. पाणी भरून झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आरंभ केला तर दोहींचेंहि साधतें. घरच्यांना बादल्या उचलावयास लावून आपण अनित्यतेचें चिंतन करीत बसणें यांत विनोदाहून अधिक कांहींतरी चुकलेलें आहे.

ऋतु कोणता धरावा? जुनें उत्तर वर्षावासाचें आहे. पावसाळ्यांत भिक्षु भटकत राहतात, हिरवें गवत व बारीक जीव तुडवितात, अशी लोकांनीं तक्रार केली. तेव्हां आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागीं राहण्याचा नियम झाला. अजिंठा, वेरूळ, पितळखोरें येथील शेकडों कोठड्या या स्थिर राहण्याच्या गरजेंतूनच वाढल्या. अजिंठ्याचें बारावें लेणें यासाठीं अवश्य पाहावें. मधें चौक, तिन्ही बाजूंस चार-चार अशा बारा कोठड्या, आणि कोठडींत दगडाचे दोन-दोन ओटे. म्हणजे एकांताच्या कोठडींतहि दुसरा एक मनुष्य हाताच्या अंतरावर निजत असे, आणि दार उघडतांच चौकांत सारा संघ दिसे. एकट्यानें बसण्याची ही रीत निर्जन बेटावर जाऊन बसण्याहून फार वेगळी आहे. घरांत बसणाऱ्यानें तिचेंच अनुकरण करावें हें सयुक्तिक होय. मराठवाड्याचा उन्हाळा कडक असतो. मे महिन्यांत दुपारीं खोलींत घामाखेरीज दुसरें आलंबन मिळणार नाहीं. आषाढ-श्रावण उत्तम. महाराष्ट्रांतील बौद्ध वस्त्यांच्या विहारांतून याच दिवसांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचें वाचन चालतें, त्यामुळें हवेंतहि त्या विषयाची थोडी ओल असते. भाद्रपदांत मात्र गणपतीचे ढोल सुरू होतात. ते दहा दिवस सोडलेले बरे.

किती दिवस बसावें, याविषयीं उत्साही माणसाची व अनुभवी माणसाची मतें जुळत नाहींत. शिबिरांत पहांटे चारला घंटा होते, दिवसाकांठीं सुमारें दहा तास बैठक होते, पहिले तीन दिवस श्वासावर लक्ष ठेवून चवथ्या दिवशीं विपश्यना शिकवितात. हें सर्व तेथें झेपतें, कारण जेवण कोणी दुसरा करतो, घंटा कोणी दुसरा वाजवितो, आणि मन बिथरलें तर विचारावयास आचार्य असतात. घरीं दहा तासांचा हव्यास धरूं नये. पहिल्या खेपेस तीन दिवस व रोज पांच-सहा तास पुरे. आणि ज्यानें एकदांहि जाणत्या आचार्यापाशीं राहून ही विद्या घेतलेली नाहीं, त्यानें घरच्या एकांतापासून आरंभच करूं नये. आधीं शिबिर, मग खोली. सोण नांवाचा श्रीमंत घरचा तरुण भिक्षु चंक्रमण करतां करतां पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालला आणि निराश होऊन घरीं परत जावें असें म्हणूं लागला. तो पूर्वींचा वीणावादक. बुद्धांनीं त्याला तारांचीच आठवण करून दिली: फार ताणलेल्या तारेंतून सूर निघत नाहीं, फार सैल सोडलेल्या तारेंतूनहि निघत नाहीं. बैठक आणि चंक्रमण यांची पाळी लावावी. पाऊण तास बसावें, अर्धा तास चालावें. पाऊस नसतांना गच्ची, पाऊस असतांना ओसरी किंवा खोलीची लांबी, वीस पावलें पुष्कळ झालीं.

आहार साधा असावा. उपोसथाच्या आठ शीलांत माध्यान्हीनंतर जेवण वर्ज्य आहे. ज्याला प्रकृतीमुळें हें झेपत नाहीं त्यानें संध्याकाळीं दूध किंवा फळ घ्यावें, त्यासाठीं मनाला खात बसूं नये. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी, ताक यांहून अधिक कांहीं लागत नाहीं. पण ही भाकरी भाजणार कोण? येथें जुना इतिहास बोलका आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, मितदेव नांवाच्या गंध्याचा दानलेख आहे. सुगंधी द्रव्यें विकणाऱ्या त्या माणसानें खर्च केला म्हणून डोंगरांत कोणाला तरी शांत बसतां आलें, आणि त्याचें नांव दगडावर राहिलें. घरांतल्या एकांतवासांत दाता असते ती बहुधा पत्नी. ती दाराशीं ताट ठेवते, दारावरची बेल सांभाळते, मुलांना गप्प बसविते, पाहुण्यांना कांहींतरी सांगून परत लावते. तिचें नांव कोठेंहि कोरलें जात नाहीं. म्हणून बेत ठरतांना तो तिच्यापाशीं बोलूनच ठरला पाहिजे, आणि नवऱ्याचे तीन दिवस झाले म्हणजे पत्नीचे तीन दिवस हें त्याच बैठकींत नक्की झालें पाहिजे. तिच्या तीन दिवसांत भाकरी त्यानें भाजावी. त्याला येत नसेल तर बसण्याआधीं एक महिना ती शिकावी; हीहि पूर्वतयारीच आहे.

दूरध्वनियंत्र बंद करून घरांतील दुसऱ्या माणसाच्या हवालीं करावें. नुसतें बंद करून उशीखालीं ठेवलेलें चालत नाहीं. कार्यालयाला, भावंडांना आधीं कळवावें कीं अमुक तारखेपर्यंत बोलणें होणार नाहीं, आणि खऱ्या संकटांत कोणाला सांगावें. बुद्ध स्वतः इच्छानंगल येथें तीन महिने एकांतांत राहिले होते. भिक्षान्न आणून देणाऱ्या एका भिक्षूखेरीज कोणीहि येऊं नये असें त्यांनीं सांगून ठेवलें होतें. एक माणूस आंत येणार हें तेथेंहि गृहीत होतें.

हा एक माणूस फार महत्त्वाचा. मेघिय नांवाचा भिक्षु बुद्धांचा परिचारक असतां किमिकाला नदीच्या कांठीं एक आमराई त्याच्या दृष्टीस पडली, आणि तेथें एकट्यानें जाऊन ध्यान करण्याची त्याला ओढ लागली. बुद्धांनीं दुसरा कोणी येईपर्यंत थांबण्यास सांगितलें. त्यानें तीनदां आग्रह धरला. अखेर त्याला जाऊं दिलें. आमराईंत दिवसभर बसून त्याला काय मिळालें? कामाचे, द्वेषाचे आणि हिंसेचे विचार, एकामागून एक. श्रद्धेनें घर सोडून आलेल्या माणसाच्या मनांत हें कोठून आलें, याचें त्यालाच नवल वाटलें. परत आल्यावर बुद्धांनीं त्याला रागें भरलें नाहीं. चित्त पक्व होण्यास ज्या पांच गोष्टी लागतात त्यांतली पहिली त्यांनीं सांगितली ती कल्याणमित्र. घरीं बसणाऱ्याच्या खोलींत पहिल्याच दुपारीं मेघियाची आमराई उगवते: जुनें भांडण, न मिळालेली बढती, वडिलोपार्जित वाड्याची वांटणी. तेव्हां एकांत फुकट गेला असें समजूं नये. हेंच पाहण्यासाठीं तो केलेला असतो. परंतु ज्याच्याशीं दिवसांतून पांच मिनिटें खरें बोलतां येईल असा एक जाणता मनुष्य आधींच ठरलेला असावा.

दुसरा धोका याच्या उलट दिशेचा, आणि अधिक गोड. विपश्यना थोडी रुजली म्हणजे कधीं कधीं प्रकाश दिसतो, अंगांत प्रीति उसळते, ज्ञान लख्ख झाल्यासारखें वाटतें. बुद्धघोषाचार्यांनीं अशा दहा अवस्था मोजून त्यांना विपश्यनेचे उपक्लेश म्हटलें आहे. साधक त्यांनाच मार्ग समजून बसतो. त्यांनीं सांगितलेली महानाग स्थविराची गोष्ट तर विसरण्याजोगी नाहीं. हा वृद्ध थोर आचार्य साठ वर्षें स्वतःला अर्हत समजत होता. त्याचाच शिष्य धम्मदिन्न भेटावयास आला. गुरूची स्थिति त्याच्या ध्यानीं आली. पण तो वाद घालीत बसला नाहीं. त्यानें विनंति केली कीं, आपल्या ऋद्धिबलानें एक हत्ती निर्माण करावा, कान ताठ, शेंपूट उभी, सोंड तोंडांत, भयंकर चीत्कार करीत अंगावर धांवून येणारा. स्थविरानें तसा हत्ती केला, आणि स्वतःच निर्माण केलेला तो हत्ती येतांना पाहून स्वतःच उठून पळूं लागला. शिष्यानें चीवराचें टोंक धरून विचारलें, आस्रव क्षीण झालेल्याला भय उरतें काय? तत्क्षणीं वृद्धानें शिष्यापुढें उकिडवें बसून साहाय्य मागितलें. चवथ्या दिवशीं खोलींतून बाहेर येऊन आपल्याला कांहीं विशेष प्राप्त झालें असें ज्याला वाटत असेल, त्याच्यासाठीं घरांत हत्ती तयारच असतो. मुलाच्या हातून काचेचा पेला फुटेपर्यंत थांबावें.

तिसरी गोष्ट थोडक्यांत, पण गंभीरपणें सांगितली पाहिजे. वैशालीस बुद्ध पंधरवडाभर एकांतांत असतां, शरीराच्या अशुभत्वाचें चिंतन करणाऱ्या कित्येक भिक्षूंनीं देहाचा तिटकारा येऊन प्राण दिला, असें पिटकांतच नमूद आहे. एकांतांतून बाहेर येतांच बुद्धांनीं संघ गोळा केला आणि श्वासाचें शांत, सुखकर ध्यान शिकविलें. ज्याला पूर्वीं मानसिक आजार होऊन गेला आहे किंवा ज्याचें औषध चालू आहे, त्यानें एकट्यानें बसूं नये. निरोगी माणसालाहि सलग दोन रात्री झोंप आली नाहीं, कारणावांचून भय दाटलें किंवा जिवाचा वीट आला, तर तेथेंच थांबावें, पोटभर जेवावें, घरच्यांत येऊन बसावें आणि वैद्याला भेटावें. वर्षावासांतल्या भिक्षूलाहि अत्यावश्यक कारणासाठीं सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मोकळीक होती. गृहस्थाला तर कोणताच नियम मोडल्याचा दोष लागत नाहीं.

शेवटच्या दिवसाची योजनाहि आधींच करून ठेवावी. दार उघडून एकदम बाजारांत जाऊं नये. अर्धा दिवस घरांतच, कमी बोलून काढावा. वर्षावास संपतांना आश्विनी पौर्णिमेस भिक्षु प्रवारणा करीत असत: प्रत्येक जण, वडील भिक्षुसुद्धां, संघापुढें हात जोडून विनवी कीं, माझें कांहीं चुकलेलें पाहिलें, ऐकलें किंवा शंकेला आलें असेल तर दया करून सांगावें. हा विधि घरांत जसाच्या तसा करतां येतो. संध्याकाळीं सर्व जेवावयास बसल्यावर तीन दिवस मौनांत राहिलेल्या माणसानें पत्नीला, आईला आणि शक्य तर शाळेंत जाणाऱ्या मुलीलाहि तेंच विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मधें बोलूं नये. मुलीचें उत्तर बहुधा सर्वांत लांब असतें.